केस मिटवायची घाई: समुपदेशन केंद्रात या चुका टाळा

नवी समुपदेशक रुजू झाली की पंधरा दिवसांत आनंदाने सांगते, "मॅडम, एक केस मिटवली." माझ्या पोटात गोळा येतो. मिटवली म्हणजे काय, तर घरातल्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या नवऱ्याला बोलावलं, दोघांना समोरासमोर बसवलं, त्याने हात जोडले आणि स्टॅम्पपेपरवर 'यापुढे त्रास देणार नाही' असं लिहून दिलं.

मीही हे केलंय. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. नवरा गोडबोल्या, सासू डोळ्याला पदर लावून बसलेली. त्यांच्यादेखत मी त्याच्या बायकोला विचारलं, "नांदायचंय ना तुम्हाला?" तिने मान हलवली आणि मी त्या मानेला 'संमती' लिहून मोकळी झाले. बाराव्या दिवशी ती आली ती कानाचा पडदा फाटलेल्या अवस्थेत. म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारत होतात तेव्हा टेबलाखाली त्याचा पाय माझ्या पायावर होता."

तेव्हापासून पहिल्या दोन-तीन भेटी फक्त तक्रार घेऊन आलेल्या बाईशी. सासरचे बाहेरच्या बाकावरही नकोत, त्यांना वेगळ्या दिवशी बोलावते. भाऊ आणि आईलाही बाहेर बसवते, कारण 'लेक घरी परत आली' या भीतीने तेही तिच्या तोंडून स्वतःचंच बोलतात. एकत्र बैठक तिने स्वतः मागितली तरच, आणि अटी तिच्या. 'उलट बोलते म्हणून हात उचलला' हे तर मी ऐकूनच घेत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालच्या नियमांतही समुपदेशनात हिंसेचं समर्थन करायला मनाई आहे. नियम वाचायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगितलं.

दुसरी खोड फोनची. "महिला केंद्रातून बोलतेय" म्हणून नंबर लावायचा आणि पलीकडे नवरा! पहिल्याच भेटीत विचारा, फोन कोणाकडे असतो, कधी करू, दुसऱ्याने उचलला तर मी कोण? माझ्या डायरीत मी कुणाची शिवणक्लासवाली आहे, कुणाची बचतगटाची ताई.

गळा दाबला असेल तर ते 'मारहाण' या एका शब्दात गुंडाळू नका. वेगळं विचारा. व्रण दिसत नाही, पण आवाज बसतो, गिळताना दुखतं. त्याच दिवशी दवाखाना. गळ्यापर्यंत गेलेला हात पुढे जिवावर उठू शकतो.

'एनसी (पोलिसांतली अदखलपात्र नोंद) झाली, काम झालं' असं नसतं. अदखलपात्र नोंदीवर न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. २००५ च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडून घरगुती घटना अहवाल, म्हणजे हिंसेची अधिकृत नोंद, भरून घ्या.

घर नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिला 'बाहेर पडा' सांगू नका. याच कायद्याच्या कलम १७ नुसार तिला तिथे राहायचा हक्क आहे.

या कायद्याखाली कोर्टात केलेल्या अर्जाचा साठ दिवसांत निकाल लागेल असं वचन कुणालाही देऊ नका. कायद्यात तो आकडा आहे, तारखा मात्र कोर्टाच्या हातात असतात.

ती परत नांदायला गेली की 'हिला काही करायचंच नाही' म्हणून फाइल रॅकवर टाकणाऱ्या मुलींवर मी हमखास ओरडते. ती कानाची बाई चारदा परत गेली. पाचव्यांदा आली तेव्हा पिशवीत पोरांचे शाळेचे दाखले आणि रेशनकार्ड होतं.