कासच्या पठारावर घरच्यांचा फोटो: फुलंही दिसावीत आणि माणसंही

सप्टेंबर लागला की साताऱ्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांत एक बेत ठरलेला असतो: कासच्या फुलांत सगळ्या घराचा एक चांगला फोटो. परत आल्यावर फोटो उघडून पाहिले की मागे पांढरंफटक आभाळ दिसतं, चेहरे काळवंडलेले असतात आणि फुलं पायाशी कुठेतरी हिरव्या चिखलासारखी. मग पुढच्या वर्षी सल्ले गोळा होतात. सगळ्यांनी एका रंगाचे कपडे घाला, महागडा फोन घ्या, फुलांत बसून काढा. पहिल्या दोन सल्ल्यांनी नुसते पैसे जातात. तिसऱ्याने पठार मरतं. यातलं काहीही न करता फोटो उत्तम येतो.

तारीख

फुलोरा साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. तेरड्याचा गुलाबी-जांभळा गालिचा बहुधा सप्टेंबरच्या मध्याला भरात असतो, पण पाऊस मागेपुढे झाला की तोही सरकतो. गणपतीसाठी सगळे गावी जमलेलेच असतात, म्हणून गौरी-विसर्जनानंतरचा मधला वार धरा. पितृपक्षात लग्नं-मुंजी नसतात, त्यामुळे तेव्हाही नातेवाईक मोकळे सापडतात. शनिवार-रविवारचा आग्रह कुणी धरला तर ठाम नाही म्हणा. रोज ठरावीक लोकांनाच प्रवेश असतो, बुकिंग ऑनलाइन होतं. सकाळचा पहिला स्लॉट मिळत नसेल तर दिवस बदला, स्लॉट बदलू नका.

कपडे

एकरंगी (म्हणजे नक्षी नसलेले, सगळ्यांचे एकाच रंगाचे नव्हेत), मध्यम गडद. नीळ, मरून, मातकट, गडद मोरपंखी चालतात. तेरडा गुलाबी, सोनकी पिवळी आणि गवत हिरवं, म्हणून हे तीन रंग टाळा. माणूस मागच्या रंगात हरवतो. छातीवर मोठी चित्रं किंवा अक्षरं असलेले टी-शर्ट नकोत. बुटांना पकड हवी, ओला जांभा निसरडा असतो.

आधी औंध, मग कास

बहुतेक लोक कास उरकून, वेळ उरलाच तर सातारा जिल्ह्यातल्याच औंधला संग्रहालय बघायला जातात. मी उलट सांगेन. पहिल्या दिवशी रहिमतपूरमार्गे औंध, रात्री साताऱ्यात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कास.

औंधचं श्री भवानी चित्रपदार्थ संग्रहालय संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभं केलं. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात, पण ते स्वतः हाडाचे चित्रकारही होते. यमाईच्या डोंगरावरच्या या संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे दगडी शिल्पही. खटाव तालुक्यातल्या एका गावात हे पाहायला मिळतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मुलांना घेऊन सगळी दालनं तुडवू नका. दोन-चार कलाकृती निवडा आणि प्रत्येकीपुढे जरा थांबा. एखादं माणसांचं चित्र घ्या आणि मुलांना दोनच गोष्टी विचारा: उजेड कुठल्या बाजूने येतोय, आणि हात काय करतायत? चांगल्या चित्रकाराच्या माणसांचे हात लोंबत नसतात. ते कशाला तरी धरलेले, टेकलेले, गुंतलेले असतात. डोकी एका रेषेत नसतात, चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी किंचित दबलेली असते. मूर यांच्या शिल्पापुढे आईला आणि धाकट्याला उभं करून नुसतं पाहू द्या. दुसऱ्या दिवशी ‘जवळ घे ना त्याला’ असं ओरडावं लागत नाही.

आत फोटो काढण्याबद्दल दारातच विचारा आणि सांगतील ते पाळा. साप्ताहिक सुटीचा वार निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्या. वर यमाईचं दर्शन घ्यायचं असेल तर आजी-आजोबांना गाडीनेच न्या, पायऱ्यांचा हट्ट नको. दुसऱ्या दिवशी त्यांना चालायचंय.

फुलं आणि माणसं एका चौकटीत

खरी अडचण इथे आहे, आणि मलाही हे बरीच वर्षं जमत नव्हतं, म्हणून सविस्तर सांगते.

आधी पठार समजून घ्या. कास म्हणजे जांभ्या खडकाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच. खडकावर मातीचा थर अगदी पातळ, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. या मातीत पोषण इतकं कमी की सीतेची आसवं आणि दवबिंदूसारख्या वनस्पती कीटक पकडून आपली गरज भागवतात. खाली वाकून सीतेची आसवं बघा. जांभळं-निळं फूल करंगळीच्या नखाएवढं, दोऱ्यासारख्या देठावर, आणि त्यावर बहुतेक वेळा पाण्याचा एक थेंब. अशा जागी तुमचा एक पाऊल-ठसा म्हणजे कित्येक रोपांचा शेवट आणि त्यांच्या पुढच्या वर्षीच्या बियांचाही. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास आहे. आखलेली वाट सोडून आत जायचं नाही. ‘एकच फोटो, पटकन’ हेसुद्धा नाही. लेकरू आत पळालं तर हाक मारून बाहेर बोलवा, त्याच्यामागे चार मोठी माणसं धावू नका.

आता फुलं फोटोत दिसत का नाहीत ते. इथली बहुतेक फुलं घोट्याएवढी, फार तर गुडघ्याएवढी. तुम्ही उभ्या उंचीवरून फोटो काढता तेव्हा कॅमेरा वरून खाली बघतो आणि दोन फुलांमधली माती, खडक, गवत सगळं उघडं पडतं. गालिचा डोळ्यांना दिसतो, फोटोत विरतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला की एका फुलाच्या मागे दुसरं, त्यामागे तिसरं अशी दाटी होते आणि तेच रान भरगच्च दिसायला लागतं. त्यामुळे पहिला नियम हा की फोटो काढणाऱ्याने वाटेवर बसायचं.

दुसरा नियम: माणसं फुलांत नव्हे, फुलांच्या पलीकडे. वाट जिथे वळण घेते अशी जागा शोधा. एका टोकाला तुम्ही बसा, वळणाच्या दुसऱ्या टोकाला घरचे, मध्ये फुलांचा पट्टा. अंतर १० ते १२ मीटर. फोनवर दोन किंवा तीन पट झूम घ्या, कॅमेऱ्यावर ७० ते ८५ मिलिमीटर. झूममुळे मधलं अंतर आवळल्यासारखं होतं आणि माणसं फुलांतच उभी आहेत असं वाटतं, पाय मात्र सगळ्यांचे वाटेवर. रुंद लेन्स, म्हणजे फोनवरचं ०.५, इथे चुकूनही वापरू नका. कडेची माणसं पसरट होतात आणि फुलं ठिपक्याएवढी. पोर्ट्रेट मोडही बंद ठेवा, तो आजीचे उडणारे केस आणि साडीचा पदर कापून टाकतो. फुलांची सगळ्यांत पुढची ओळ धूसर येईल, ती येऊ द्या. फोकस चेहऱ्यांवर.

खाली बसलात की नवं संकट येतं: माणसांच्या डोक्यामागे नुसतं आभाळ. सप्टेंबरचं आभाळ पांढरं आणि झगझगीत, कॅमेरा त्याला सांभाळायला जातो आणि चेहरे काळे करतो. यावर उपाय जागेचाच आहे. मागे कारवीची झुडपं, झाडी किंवा चढ येईल असं वळण निवडा. तसं मिळालं नाही तर सगळ्यांना बसवा. वयस्कर मंडळी घडीच्या स्टुलांवर, बाकीचे उकिडवे किंवा वाटेवर मांडी घालून, आणि आभाळ चौकटीच्या वरच्या पट्टीपुरतंच ठेवा. मग फोनच्या पडद्यावर एका चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होईल. नंतर बोट वर सरकवून उजेड थोडा वाढवा. आभाळ पांढरं झालं तर होऊ द्या, चेहरे महत्त्वाचे. कॅमेरा असेल तर ॲपर्चर एफ ८ ठेवा आणि शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद नको. वारा आणि मुलं, दोन्ही थांबत नाहीत.

उजेडाची दिशा ढगाळ दिवशीही असते. आपला तळहात चेहऱ्यासमोर धरा आणि जागच्या जागी हळूहळू फिरा. एका दिशेला तळहात उजळतो, विरुद्ध दिशेला मंदावतो. जिकडे तोंड केल्यावर तळहात उजळतो तिकडे घरच्यांना बसवा, तोंडं तुमच्याकडे. मी हे गाडीतून उतरल्या उतरल्या करून बघते आणि वळण त्याप्रमाणे निवडते. सूर्य वर चढला की ढगांतून येणारा उजेड डोक्यावरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. म्हणूनच पहिला स्लॉट. उशीर झालाच तर हनुवटी जराशी वर करायला सांगा आणि बसलेल्यांच्या मांडीवर फिकट कापड येऊ द्या. आजोबांचं पांढरं धोतर किंवा फिकट ओढणी खालून उजेड परतवते, चेहरा लगेच मोकळा होतो. टोप्या काढा. चष्म्यावर आभाळ चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानामागे चिमूटभर उचला, चमक जाते आणि फोटोत कळतही नाही.

आता माणसं बसवणं. आजी-आजोबा आधी, त्यांच्याभोवती बाकीचे, मुलं सगळ्यांत शेवटी. मुलांना आधी बोलावलंत तर मोठ्यांच्या साड्या सारख्या होईपर्यंत ती कंटाळून गेलेली असतात. डोकी जिन्यासारखी वरखाली ठेवा. प्रत्येकाच्या हाताला काम द्या: खांद्यावर, काठीवर, छत्रीच्या मुठीवर, बाळाच्या पोटावर. औंधला पाहिलंय, आठवण करून द्या. जावा-जावांना, दीर-भावजयांना ओळीने जोड्यांनी उभं करण्याची पद्धत लग्नाच्या स्टेजवर ठीक आहे, इथे नको. ज्याचं ज्याच्याशी जमतं त्याला त्याच्याशेजारी बसू द्या.

‘चीज’ म्हणायला लावू नका, जबडे आवळतात. ‘इकडे बघा, इकडे बघा’ हेही बंद. मी आजीला एक प्रश्न विचारते: ‘आजी, यंदा गौरींच्या पुरणपोळ्या कुणी जास्त खाल्ल्या?’ आजी उत्तर द्यायला लागते, सगळ्या माना तिच्याकडे वळतात, कुणीतरी हरकत घेतं आणि हसू फुटतं. तेवढ्या वेळात बटण दाबून धरायचं आणि लागोपाठ फोटो घेत राहायचं. हे झालं की कॅमेऱ्याकडे बघणारा एक फोटो घ्या, कारण काकांना तोच हवा असतो. त्यासाठी सगळ्यांना डोळे मिटायला सांगा आणि तीन म्हणताच उघडायला. मिटलेल्या पापण्यांचा प्रश्न सुटतो. एवढं सगळं पंधरा मिनिटांत आटपा. त्यापुढे ताणलंत तर आजीचे गुडघे आणि मुलांचा धीर, दोन्ही सुटतात.

फोटो काढणाराही चौकटीत हवा असेल तर ड्रायव्हरदादांना किंवा शेजारच्या पाहुण्यांना विनंती करा. पण त्यांच्या हातात नुसता फोन देऊ नका. आधी स्वतः खाली बसून चौकट ठरवा, उजेड लॉक करा, मग त्यांना त्याच जागी बसवा.

धुकं आलं तर

पॅकअप करू नका. धुक्यात मोठा गट विसरा, माणसांना तीन मीटरच्या आत घ्या आणि दोघा-दोघांचे फोटो काढा. मागची गर्दी, बस, दोऱ्या सगळं पुसलं जातं. एसी गाडीतून उतरलात की लेन्सवर वाफ धरते, म्हणून घाट चढतानाच एसी बंद करा. सुती रुमाल खिशात ठेवा, दर दोन-चार फोटोंनंतर लेन्स पुसा. पावसात छत्री वाऱ्याला उलटते, रेनकोट बरा.

मग मोकळे व्हा

गटाचा फोटो झाला की फोन खिशात ठेवा आणि मुलांना फुलं दाखवा. पांढरे गोल गेंद, मिकी माऊसच्या कानांसारखा दिसणारा पिवळा कवळा, निळी-जांभळी आभाळी. नाव सांगितलं की मूल पुढच्या वळणावर तेच फूल स्वतः शोधतं. फूल तोडायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा. प्लास्टिक वर न्यायचं नाही, डबा स्टीलचा. भूक लागली की खाली उतरून झुणका-भाकर, आणि मुलांना फोटोसाठी लालूच दाखवायची असेल तर साताऱ्याचे कंदी पेढे हातचे राखून ठेवा. ते आधी वाटलेत तर खेळ संपला.

घरी आल्यावर

त्याच रात्री मिटलेल्या डोळ्यांचे आणि हललेले फोटो काढून टाका, नाहीतर ते तसेच राहतात. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की बारीक होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक निवडा आणि ८ बाय १२ इंचाच्या मॅट कागदावर छापून आणा. चकचकीत कागद नको, घरात ट्यूबलाइटखाली तो चमकतो आणि आजीला चेहरे दिसत नाहीत. मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख आणि सगळ्यांची नावं लिहा, लहान बाळांचीसुद्धा.