जादा इंधनाचे कॅन: निघण्यापूर्वीची तयारी

कॅन विकत घ्यायला निघण्याआधी कागद-पेन घ्या. वाटेतल्या दोन पंपांमधलं सर्वांत लांब अंतर किती, ते नकाशावरून काढा. नकाशावर दिसणारा शेवटचा पंप खरंच चालू आहे का आणि तुमचं इंधन तिथं मिळतं का, याची फोन करून खात्री करा. मग गाडीचं मायलेज लिहा, पण डांबरी रस्त्यावरचं आणि कच्च्या वाटेवरचं वेगवेगळं. वाळूत, चिखलात, फोर-व्हील लो (चारही चाकांना जोर देणारा सर्वांत हळू गिअर) टाकून चालवताना इंधन दीडपट ते दुप्पट सहज जातं. समजा, ५०० किलोमीटरच्या टप्प्यात २०० किलोमीटर चांगला रस्ता आहे आणि ३०० किलोमीटर वाळू. गाडी रस्त्यावर लिटरला १२ आणि वाळूत ६ किलोमीटर देत असेल, तर सुमारे ६७ लिटर लागणार. रस्ता चुकणं, मागं फिरणं, अडकलेल्या गाडीला ओढून काढणं, इंजिन चालू ठेवून ताटकळणं यासाठी आणखी चौथा हिस्सा धरा. आकडा जातो ८३ वर. टाकीतलं वापरता येण्याजोगं इंधन ५५ लिटर असेल, तर २८ लिटर बरोबर न्यायचे, म्हणजे वीस लिटरचे दोन कॅन. हाच हिशोब टाकीतच भागत असेल तर कॅन नेऊच नका. बाहेर लटकवलेले चार कॅन फोटोत रुबाबदार दिसतात, पण पेटणारी वस्तू आहे ती. गरजेपेक्षा जास्त नेण्यात काहीच शहाणपण नाही.

आता कॅन कोणता घ्यायचा? बहुतेक जण आकार, रंग आणि किंमत बघतात. माझं म्हणणं असं, की आधी ओतण्याचा विचार करा. वीस लिटर पेट्रोलचं वजन साधारण १५ किलो आणि डिझेलचं १७ किलोच्या आसपास. पत्र्याच्या कॅनचे स्वतःचे चार-पाच किलो धरले, तर भरलेला कॅन वीस किलोच्या घरात जातो. तो छपरावरून एकट्यानं उतरवून, टाकीच्या तोंडाशी उचलून, वाऱ्यात, उतारावर उभं राहून काही मिनिटं स्थिर धरायचा आहे. जमणार असेल तर वीसचा घ्या, नसेल तर दहा-दहाचे दोन घ्या. पाठीचं दुखणं असलेल्यानं तर वीसच्या कॅनचा विचारच करू नये. दुकानात रिकामा कॅन उचलून काहीच कळत नाही. घरी तेवढ्याच वजनाची एखादी पिशवी टाकीच्या झाकणाच्या उंचीला मिनिटभर धरून बघा, उत्तर लगेच मिळेल.

आज सगळीकडे दिसणारा पत्र्याचा वीस लिटरी कॅन मूळचा जर्मन लष्कराचा, १९३७ सालचा, आणि त्याच्या घडणीत ओतणाऱ्याचा आणि उचलणाऱ्याचा केवढा विचार आहे! वर तीन मुठी आहेत, त्यामुळे भरलेला कॅन दोघं मिळून उचलू शकतात आणि रिकामे दोन कॅन एकाच हातात मावतात. बाजूंवरच्या फुलीच्या खाचांमुळे इंधन तापून फुगलं तरी पत्र्याला सामावून घ्यायला जागा मिळते. झाकण खटक्याचं, पान्याची गरज नाही, आणि ओतताना हवा आत जायला तोंडाशी नळी. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश फौजा पातळ पत्र्याचे डबे वापरत. ते वाळवंटातल्या वाहतुकीत इतके गळत, की शत्रूचे कॅन हाती लागले की आधी ते उचलले जात. अमेरिकेनं नक्कल केली तेव्हा झाकण फिरकीचं केलं, म्हणजे उघडायला पाना आणि ओतायला नरसाळं आलं. जे मूळ रचनेत हाताशी होतं ते अवजारांच्या पेटीत गेलं.

पत्रा की प्लास्टिक, हा वाद कधी संपणार नाही. पत्रा दणकट, उन्हाला न घाबरणारा. पण आतला लेप उडाला की गंज धरतो आणि तो गंज थेट इंजेक्टरकडे, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाकडे निघतो. प्लास्टिकचा कॅन हलका, गंजत नाही, पण वर्षानुवर्षं उन्हात राहिला की ठिसूळ होतो आणि त्याच्या भिंतीतून पेट्रोलची वाफ थोडी थोडी झिरपते. गाडीच्या कडेला बसणारे चपटे, जाड प्लास्टिकचे कॅन जागा वाचवतात. ते त्यांच्याच कंसात (ब्रॅकेटमध्ये) बसवायचे असतात, दोरीनं बांधायचे नसतात. काहीही घेतलं तरी ते इंधनासाठीच बनवलेलं हवं. पाण्याचा, तेलाचा, रसायनाचा जुना ड्रम धुऊन चालत नाही. कॅनवर यूएनचा (संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या नियमांचा) शिक्का शोधा: पत्र्याच्या कॅनला ३ए१ आणि प्लास्टिकच्या कॅनला ३एच१ असा संकेत असतो, त्यापुढं वाय किंवा एक्स हे अक्षर असेल तर तो पेट्रोलच्या धोक्याच्या वर्गासाठी तपासलेला आहे. प्लास्टिकवर घड्याळासारख्या गोलात बनवल्याचा महिनाही उठवलेला असतो. धोकादायक मालाच्या वाहतुकीच्या नियमांत अशा कॅनचं आयुष्य साधारणपणे ५ वर्षं धरतात. स्वस्तात मिळालेला जुना साठा घेताना तो गोल आधी बघा.

झाकणाखालचा रबरी वॉशर ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी दगा देणारी वस्तू. नायट्राइल किंवा व्हिटॉन या इंधनात टिकणाऱ्या रबराचा असावा. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. प्रत्येक कॅनमागं एक जादा वॉशर न्या.

कॅनबरोबर येणारी ओतायची नळी गाडीच्या टाकीत बसते का, हे घरीच तपासा, कारण गडबड इथंच होते. काही नळ्या जाड असतात, काही इतक्या आखूड की कॅनचा कोपरा गाडीच्या पत्र्याला टेकतो. बिनझाकणाच्या टाक्यांमध्ये आतली झडप साध्या नळीनं उघडत नाही. अशा गाड्यांबरोबर बहुधा एक खास नरसाळं दिलेलं असतं, स्टेपनीच्या किंवा जॅकच्या जागेत लपलेलं. ते शोधून कॅनच्या पिशवीत टाका. माझी स्वतःची पसंती मात्र सायफनच्या नळीला. तिच्या एका टोकाला पितळेची छोटी झडप असते. ते टोक कॅनमध्ये बुडवून वरखाली हलवलं की इंधन चढतं आणि मग आपोआप वाहत राहतं. कॅन टाकीपेक्षा उंच ठेवला की झालं, हातात धरायची गरज नाही. तोंडानं ओढून सायफन सुरू करण्याचा प्रकार कुणी करत असेल तर थांबवा. पेट्रोल चुकून फुप्फुसात गेलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो, आणि गिळलं गेलं तर उलटी करवायची नसते, कारण तेच पेट्रोल पुन्हा वर येताना छातीत उतरू शकतं. गाळणीचं एक नरसाळंही ठेवा.

नवा कॅन थेट प्रवासाला नेऊ नका. पत्र्याच्या कॅनमध्ये आत रंगाचे पापुद्रे, लोखंडाचा कीस राहिलेला असतो. अर्धा लिटर इंधन घालून हलवा, एका भांड्यात गाळून बघा, गरज वाटली तर पुन्हा. मग दोन-तीन लिटर ठेवून झाकण लावा आणि बाहेर, सावलीत, कोरड्या पुठ्ठ्यावर कॅन आडवा करून काही तास राहू द्या. पुठ्ठ्यावर डाग उमटला तर वॉशर बदला किंवा कॅन परत करा. मोठ्या अक्षरांत ‘पेट्रोल’ किंवा ‘डिझेल’ लिहा. रंगाच्या भरवशावर राहू नका: अमेरिकेत पेट्रोलला लाल, डिझेलला पिवळा आणि रॉकेलला निळा कॅन असतो, ब्रिटनमध्ये डिझेल काळ्यात आणि पेट्रोल हिरव्यात दिसतं, आणि बरेच भटके निळ्या कॅनमध्ये पिण्याचं पाणी नेतात. अंधारात, थकलेल्या माणसाच्या हातून डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं, तर डिझेलच्या वंगणावर चालणाऱ्या महागड्या पंपाची वाट लागते.

भरताना कॅन नेहमी जमिनीवर ठेवा. गाडीच्या डिकीत, प्लास्टिकच्या चटईवर किंवा लायनर टाकलेल्या हौद्यात ठेवून भरू नका, कारण इंधन वाहताना तयार होणारा स्थिर विजेचा भार जमिनीत उतरायला वाट मिळत नाही आणि ठिणगी पडते. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवा, हळू भरा, नोझलचा खटका अडकवून बाजूला होऊ नका. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड असते, खाली पसरते आणि हवेत जेमतेम दीड टक्का असली तरी पेटू शकते. थंडीतही, कारण पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासच पेटण्याजोगी वाफ सोडायला लागतं. डिझेलला त्यासाठी ५० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून डिझेलवाले थोडे निवांत असतात. कॅन काठोकाठ भरायचा नाही. वीस लिटर पेट्रोल ३० अंशांनी तापलं की अर्धा लिटरहून अधिक वाढतं; १९ लिटरवर थांबा. पंपावर कॅनमध्ये इंधन देतात का, किती न्यायला परवानगी आहे, वाटेतली फेरीबोट किंवा बोगदा कॅनसह जाऊ देतो का, हे नियम देशागणिक बदलतात. जिथं जाणार तिथले आधी वाचा.

मग कॅन बांधायचे कुठं? प्रवाशांच्या बंद केबिनमध्ये अजिबात नाही. छप्पर वाऱ्याला मोकळं, पण तिथं दोन भरलेले कॅन म्हणजे चाळीस किलो वजन सर्वांत उंच जागी, आणि तिरक्या चढावर गाडी कलंडायला तेच कारण पुरतं. शिवाय चालत्या गाडीच्या छपराची मर्यादा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते आणि त्या मर्यादेत रॅकचं वजनही येतं. मागच्या दारावरचा कंस हाताला सोयीचा, पण मागून धडक बसली तर पहिला मार त्यावर. आणि खडबडीत वाटेवर त्याच्या जोडांना तडे जातात, म्हणून रोज सकाळी हात लावून हलवून बघा. सायलेन्सरच्या वर, विंचच्या (अडकलेली गाडी ओढायच्या यंत्राच्या) तारांजवळ किंवा शेगडीशेजारी नको. कॅन उभा, तोंड वर, रॅचेटच्या पट्ट्यानं करकचून बांधलेला आणि मध्ये रबराचा तुकडा, म्हणजे पत्रा घासून भोक पडत नाही. एक-दोन किलोचा पावडरचा अग्निशामक दाराजवळ, कॅनपासून लांब ठेवा. कॅन पेटला तर अग्निशामकापर्यंत पोहोचता यायला हवं.

वाटेत टाकीत कॅनभर जागा झाली की थांबा आणि ओता. शेवटच्या थेंबापर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. टाकीतलं इंधन खाली, मजबूत आवरणात असतं आणि गाडीचं वरचं वजन कमी होतं. याला एकच अपवाद: अनोळखी पंपावर भरलेलं इंधन चांगल्या इंधनात लगेच मिसळू नका, एक कॅन खात्रीच्या पंपाचा राखून ठेवा. ओतण्याची वेळ उजेडातली निवडा, तळ ठोकून चूल पेटवण्याच्या आधीची. इंजिन बंद, थोडं थंड, सिगारेट नाही, डोक्याला बांधायचा हेडलॅम्प लागणार असेल तर झाकण उघडण्याआधीच पेटवलेला. टाकीच्या आधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा. डोंगरात चढून आला असाल तर झाकण फार सावकाश सोडा: ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के असतो, त्यामुळे खाली बंद केलेला कॅन तिथं फुगून टम्म झालेला असतो. तोंड बाजूला, झाकणावर फडकं, फस्स आवाज थांबेपर्यंत थांबायचं. हवेची नळी नसलेला कॅन त्याचं तोंड वरच्या कडेला येईल असा आडवा धरून ओतला, तर आत हवा शिरायला वाट राहते आणि गचके बसत नाहीत. तळाचा कपभर कॅनमध्येच राहू द्या, कारण पाणी आणि गाळ तिथंच साठतात. अंगावर, कपड्यांवर सांडलं तर कपडे बदला, मगच विस्तवाजवळ जा.

रिकामा कॅन निरुपद्रवी समजून जेवणाचं टेबल केलेलं मी पाहिलं आहे. भरलेल्यापेक्षा तो जास्त धोक्याचा, कारण आत हवा आणि वाफ दोन्ही असतात. झाकण घट्ट लावून तो आधीच्याच जागी बांधा आणि त्याला कधीही वेल्डिंगचा किंवा आगीचा स्पर्श होऊ देऊ नका. परतल्यावर उरलेलं इंधन आठवडाभरात गाडीत घालून संपवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं आणि ठेवून खराब होतं. कॅन मोकळ्या हवेत उघडा ठेवून कोरडा करा, टॉर्चनं आत गंज बघा, वॉशर तपासा, झाकण लावा आणि घराबाहेरच्या सावलीच्या जागी ठेवा. कॅनवर चिकटपट्टी लावून त्यावर शेवटचं भरल्याची तारीख आणि पंपाचं नाव लिहा.