एलटीस्पाइस: डिफरेन्शियल अ‍ॅम्प्लिफायरचा गेन उणे 7 डीबी येत होता, शेवटी जमलं

एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर, आणि डिफरेन्शियल अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे दोन इनपुटमधला फरक वाढवणारं सर्किट. सर्किट साधंच: दोन 2एन3904 ट्रान्झिस्टर, प्रत्येकाच्या कलेक्टरला 10के (किलोओहम), एमिटर एकत्र करून 11के मधून उणे 12 व्होल्टला, वर अधिक 12. गेन 40 डीबीच्या आसपास हवा, ग्राफ सरळ उणे 7 वर. ट्रान्झिस्टर बदलले, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, काही फरक नाही. खानापूरला घरी दोन रात्री गेल्या, त्यात मधेच लाईट जायची.

डीसी बघितलं तर कलेक्टरवर 6.8 व्होल्ट, म्हणजे बायसिंग (ट्रान्झिस्टरची डीसी स्थिती) ठीक. मग उणे 7 कुठून? कलेक्टरचे 10 भागिले एमिटरच्या 11 ची दुप्पट, म्हणजे 22, केलं तर 0.45, म्हणजेच उणे 7 डीबी. हा तर कॉमन मोड गेन, म्हणजे दोन्ही इनपुटला एकच सिग्नल दिल्यावरचा गेन! पहिला सोर्स कॉपी करून दुसऱ्या बेसला लावला होता, त्यामुळे दोन्हीकडे एसी 1, फेजही एकच.

उपाय याच क्रमाने करा. डावीकडच्या सोर्सवर राइट क्लिक, अ‍ॅडव्हान्स्ड, एसी अ‍ॅम्प्लिट्यूड 0.5, फेज 0. उजवीकडे तसंच 0.5, पण फेज 180. दोन्हींचा डीसी 0 च ठेवा. मग '.एसी डेक 20 10 10मेग' टाकून रन करा. (मेगच लिहा, नुसता एम म्हणजे मिली; यात निपाणीचा माझा रूममेटही फसला होता.) आता एका कलेक्टरवर साधारण 40 डीबी, दोन कलेक्टरमधल्या फरकावर 46.

ट्रान्झिएंटला (वेळेनुसार वेव्ह दाखवणाऱ्या रनला) एसीचे आकडे चालत नाहीत, तिथे साइन वेगळी द्या, प्रत्येकी 5 मिलिव्होल्ट, एकीची फेज 180. मी आधी 100 मिलिव्होल्ट दिले होते, वेव्ह वरखाली सपाट.