दहा आज्ञांच्या आधारे आत्मपरीक्षण कसे करावे

बसण्याआधी नियमशास्त्राचे, म्हणजे देवाने मोशेद्वारे दिलेल्या आज्ञांचे, काम कोणते, हे मनात पक्के करा. प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस 3:20 मध्ये सांगतो की नियमशास्त्राच्या कर्मांनी कोणीही देवापुढे नीतिमान ठरत नाही. नियमशास्त्राने पापाची जाणीव होते. म्हणून 'मी किती आज्ञा पाळल्या' असा हिशेब मांडायला घेतला, तर सुरुवातच चुकते.

दहा आज्ञा जिथे दिल्या आहेत तो निर्गम 20 उघडा. एका बैठकीत दोनच आज्ञा घ्या. दहाही एकदम घेतल्या की नजर खून आणि चोरीवर जाते, 'हे तर मी केलेले नाही' असे वाटते आणि परीक्षण तिथेच संपते. प्रत्येक आज्ञा येशूने दाखवलेल्या खोलीपर्यंत न्या: मत्तय 5:21-28 मध्ये खुनाची आज्ञा रागापर्यंत पोहोचते, व्यभिचाराची नजरेपर्यंत. लोभाच्या आज्ञेला जास्त वेळ द्या. ती थेट मनाविषयीच आहे, आणि पौलाने रोमकरांस 7:7 मध्ये स्वतःला तीच लावली.

आज्ञा काय करू नको म्हणते, तेवढ्यावर थांबू नका. धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या 1529 च्या 'लहान प्रश्नोत्तरी' या शिकवणीच्या पुस्तकात खुनाच्या आज्ञेखाली शेजाऱ्याला मदत करण्याचे कर्तव्यही येते. न केलेली मदत बहुतेकांच्या यादीतून सुटते.

आता लिहा: कोणाशी, काय, केव्हा. 'मी फार पापी आहे' हे वाक्य नम्र वाटते, पण त्यात कबूल करण्यासारखे नेमके काहीच नसते. दुसऱ्याशी तुलनाही नको. लूक 18 मधला परूशी (कडक नियम पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस) 'मी इतरांसारखा नाही' म्हणत तिथेच फसला.

सगळ्यात घातक चूक म्हणजे दोषभावनेलाच प्रायश्चित्त समजणे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने त्यासाठी मिळालेली चांदीची तीस नाणी परत केली, पापही कबूल केले, पण तो येशूकडे गेला नाही. 2 करिंथकरांस 7:10 हाच फरक सांगते: एक दुःख पश्चात्तापाकडे नेते, दुसरे मरणाकडे. त्यामुळे यादी झाली की त्याच बैठकीत 1 योहान 1:9 वाचा, प्रार्थनेत पाप कबूल करा आणि क्षमा खरी माना. कबूल केलेले तेच पाप पुन्हा पुन्हा छळत असेल, तर यादी वाढवू नका. रोमकरांस 8:1 वाचा आणि पाळकांशी बोला.

नुकसानभरपाई यानंतर येते. जकातदार जक्कयाने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले (लूक 19) ते येशू त्याच्या घरी आल्यावर, आधी नाही. गणना 5:7 प्रमाणे मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश, हे प्राचीन इस्राएलातले माप. तुमच्या यादीत ज्याचे नाव आहे, त्याला आधी भेटा. मत्तय 5:24 नुसार अर्पण तोवर वेदीपुढे थांबू शकते.