आरोग्य केंद्रातली बालसेवा आणि औषधसाठा कसा तपासायचा

रुग्ण कल्याण समितीचे किंवा गावातल्या आरोग्य समितीचे सदस्य प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले की विचारतात, “औषधं आहेत ना?” उत्तर येतं, “आहेत.” चहा होतो, भेटीच्या वहीत सही होते, तपासणी संपते. ज्यांना खरंच काही कळून घ्यायचंय, त्यांनी तीन आकडे जुळवावेत: साठा नोंदवहीतला, कपाटातला आणि मुलाच्या घरातला. हे तिन्ही जुळत नाहीत, तिथेच गडबड सापडते.

सगळी औषधयादी घेऊन बसू नका. मुलांसाठी सात वस्तू पुरेत: ओआरएस, झिंकच्या 20 मि.ग्रॅ.च्या गोळ्या, अमॉक्सिसिलिन, पॅरासिटामॉल सिरप, लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप, अल्बेंडाझोल आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचं द्रावण. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी सांगून जा. औषधांना स्वतः हात लावू नका, औषधनिर्माण अधिकाऱ्यांनाच समोर मोजायला सांगा. मागची शिल्लक अधिक आवक वजा वाटप, एवढाच हिशोब. पाच-दहा गोळ्यांचा फरक सोडून द्या, अख्खी खोकी कमी-जास्त असतील तर विचारा. बऱ्याचदा उपकेंद्रांना दिलेला माल लिहायचा राहिलेला असतो. ई-औषधी या सरकारी औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीवरची शिल्लकही त्याच वेळी बघा, कारण कपाट रिकामं असूनही संगणकावर साठा दिसत असेल तर जिल्हा भांडारातून नवा माल मिळायला अडचण येते.

मुदत बघताना पुढचं नाही, मागचं खोकं काढायला लावा. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे हवं. नवा माल पुढे रचायची सवय असेल तर जुना मागेच मुदतबाह्य होतो.

आता झिंक, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक गोळी, 14 दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, म्हणजे एकूण सात. ओपीडी नोंदवहीत मागच्या महिन्यातली जुलाबाची, पाच वर्षांखालची मुलं मोजा. समजा 22 निघाली आणि सगळी सहा महिन्यांवरची आहेत. मग 308 गोळ्या गेल्या पाहिजेत. नोंदवहीत 110 दिसल्या तर प्रत्येकाला पाचच मिळाल्या. जुलाब थांबले की आई गोळी बंद करते, म्हणून देणाराही हात आखडता घेतो. खरं तर गोळ्या पूर्ण द्यायच्या आणि जुलाब थांबले तरी का द्यायच्या, ते आईला सांगायचं.

दुसरी चूक मागणीपत्रातली, आणि ती चांगल्या चालणाऱ्या केंद्रांतही दिसते. समजा एप्रिलमध्ये झिंकच्या 420 गोळ्या गेल्या. मे महिन्यात 15 दिवसांत 210 गेल्या आणि साठा संपला. जूनभर खडखडाट. तीन महिन्यांची सरासरी काढली तर महिन्याला 210 येते आणि तेवढीच मागणी वर जाते. पण 630 गोळ्या 45 दिवसांत गेल्यात. म्हणजे रोज 14, महिन्याला 420. औषध नव्हतं ते दिवस भागाकारातून वगळा, नाहीतर एकदा आलेला तुटवडा पुढच्या वर्षीच्या मागणीतही उतरतो. शिवाय पावसाळ्यात जुलाब वाढतात, तेव्हा उन्हाळ्याची सरासरी तशीच पुढे ओढू नका. मेळघाट, धडगाव, अक्कलकुव्यातल्या ज्या पाड्यांचा रस्ता पावसात तुटतो, तिथल्या उपकेंद्रात आणि आशांकडे चार महिन्यांचा माल मे अखेरीलाच पोचलेला असावा.

लसींचं तापमान +2 ते +8 अंश, नोंद दिवसातून दोनदा. तक्त्यावर महिनाभर ‘4, 4, 4’ एकाच शाईत, एकाच वळणात, रविवारीही, वीज गेली त्या दिवशीही असेल, तर तो एका बैठकीत भरलेला आहे. त्यावर वाद घालू नका. आयएलआरमधला, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमधला थर्मामीटर दाखवायला सांगा. लसी तळाला किंवा भिंतीला टेकलेल्या नकोत, टोपलीत हव्यात. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) गोठली की ती निकामी, आणि वितळल्यावर वरवर बघून ते कळत नाही. कुपीवर उष्णता लागली का ते दाखवणारी खूण असते, तिचा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका हवा. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या कुपीवर उघडल्याची वेळ लिहिलेली हवी, कारण द्रावकात मिसळल्यानंतर त्या चार तासांच्या आत वापरायच्या किंवा टाकायच्या. “आणखी मुलं आली की कुपी फोडू” म्हणून बाळाला परत पाठवलं जातंय का, हे सत्राच्या दिवशी दारात उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

प्रसूतिगृहात नवजात बाळाची श्वासपिशवी, म्हणजे श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा द्यायची मास्कची पिशवी मागा. मास्क तळहातावर घट्ट दाबून पिशवी दाबायला लावा. तळहाताला दाब जाणवला नाही तर ती गळतेय. 0 आणि 1 असे दोन्ही आकारांचे मास्क हवेत. नव्याकोऱ्या पाकिटात सीलबंद पडलेली पिशवी दिसली तर ती शेवटची कधी वापरली, हेही विचारा.

मग गावात जा. जुलाब झालेल्या मुलांपैकी तीन-चार घरं गाठा, गोळ्यांची रिकामी पट्टी बघा, पाकीट किती पाण्यात कालवलं ते आईला विचारा. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असतं. पेल्यात अर्धंच घालून ठेवणं सर्रास चालतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जायचं असतं. तारखा कार्डावर आहेत का, आणि आजीला त्या भेटी आठवतात का, दोन्ही पाहा. अंगणवाडीत दंडघेराची, म्हणजे दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी मागा. 11.5 सें.मी.पेक्षा कमी भरलेलं मूल नोंदवहीत वजनावरून ‘साधारण’ गटात असेल, तर वजनकाटा रिकामा असताना शून्यावर येतो का तेही बघून घ्या.

जे आढळलं ते त्याच दिवशी लिहा: वस्तू, नोंदवहीतला आकडा, मोजलेला आकडा, किती दिवस तुटवडा होता. “औषधं अपुरी आहेत” या वाक्याने कोणी हलत नाही. “झिंक 16 मे ते 30 जून शिल्लक शून्य” यावर उत्तर द्यावं लागतं. एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पुढच्या भेटीत नवं काही मोजण्याआधी हाच कागद बाहेर काढा.