हळदीचा पाला बघून खत टाकू नका

पहिल्यांदा हळद लावणाऱ्या तरुण मंडळींचा फोन आला की प्रश्न ठरलेला असतो, ‘दादा, डोस कोणता टाकू?’ मी उलट विचारतो, रानात चुनखड, म्हणजे मातीतला चुना, किती? बहुतेकांना सांगता येत नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या काळ्या रानात हळदीचं निम्मं गणित तिथंच ठरतं.

म्हणून एप्रिलमध्ये, शेणखत पसरायच्या आधी, मातीचा नमुना काढा. बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा सोडून पाच-दहा ठिकाणी वीतभर खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्या, कडेची माती खरवडा आणि सगळी मिसळून अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. अहवाल आला की लोक आधी नत्र, स्फुरद, पालाश बघतात. मी सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), मुक्त चुना आणि सेंद्रिय कर्ब बघतो. हळदीला 6.5 ते 7.5 सामू मानवतो. तो 8 च्या वर आणि मुक्त चुना दहा टक्क्यांच्या पुढे असेल, तर त्या तुकड्यावर पहिल्या वर्षी हळद लावूच नका, दुसरा तुकडा निवडा. इतकं स्पष्ट मी सगळ्यांनाच सांगतो, कुणाला पटो न पटो.

अशा रानात काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. पाऊस लागला की कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. हा केवडा. नत्र कमी पडलं तर उलटं होतं, खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. नवा माणूस पिवळं दिसलं की युरिया फेकतो, आणि केवडा जागच्या जागी राहतो. त्याला फेरस सल्फेटची 0.5 टक्के फवारणी लागते. जमिनीतून द्यायचं तर ते कुजलेल्या शेणखतात मुरवूनच द्या, नुसतं टाकलं तर चुना त्याला पुन्हा बांधून ठेवतो. ठिबकमधून चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यानं बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या पदार्थात गुंफलेलं लोह, देणार असाल तर दुकानात नीट विचारून घ्या. जास्त सामूच्या जमिनीत ईडीटीए प्रकारचं चिलेट टिकत नाही, तिथं ईडीडीएचए प्रकारचं लागतं. ते महाग असतं, तरी फुकट जाणाऱ्या स्वस्त पुडीपेक्षा परवडतं.

आता डोस. शिफारस हेक्टरी 200:100:100 किलो नत्र, स्फुरद, पालाशची आहे, म्हणजे एकरी 80:40:40. गोण्यांत मांडलं तर युरियाच्या 45 किलोच्या चार, सिंगल सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या पाच आणि म्युरेट ऑफ पोटॅश साधारण 67 किलो. अहवालाप्रमाणे यात कमी-जास्त करा. स्फुरद आणि पालाश लागवडीच्या वेळी द्या. नत्र दोन हप्त्यांत द्या, पहिला सहा आठवड्यांनी आणि दुसरा अडीच-तीन महिन्यांनी भरणीच्या, म्हणजे झाडाच्या बुडाला माती चढवण्याच्या, वेळी. डीएपी या स्फुरदयुक्त खताचा मारा करू नका, स्फुरद अति झालं की जस्त आणि लोहाची कमतरता वाढते. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळतं, म्हणून मी तेच घ्यायला सांगतो.

भरणीनंतर युरियाला हात लावायचा नाही, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे. डोक्याएवढा हिरवागार पाला बघून गावातले लोक वाहवा करतात, पण पाचव्या महिन्यापासून झाडानं अन्न खाली हळकुंडात भरायचं असतं. उशिरा नत्र दिलं की झाड पाल्यातच रमतं, पक्वता लांबते आणि गड्डा पाणचट राहतो. शंभर किलो ओल्या हळदीतून शिजवून वाळवल्यावर साधारण वीस किलो माल हाती येतो. पाणचट मालात हाच उतारा घसरतो. बाजारात खरेदीदार हळकुंड हातानं मोडून बघतो. चांगलं वाळलेलं हळकुंड खणकन मोडतं आणि आतून गर्द दिसतं. कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, मुख्यतः वाणावर ठरतं, त्यामुळे ‘कुरकुमिन वाढवणारी’ बाटली घेऊन कुणी आलं तर आधी बेणं कुठलं ते तपासा.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. आणि भारी जमिनीत गादीवाफ्याशिवाय लागवड नको. पाणी साचलं की कंदकूज येते, मग अहवाल कितीही चांगला असला तरी गड्डे सडतात. पावसाळ्याआधी चर काढून घ्या.

काढणी झाली की प्रत्येक तुकड्याची ओली हळद, वाळलेला माल आणि मिळालेला भाव त्याच तुकड्याच्या माती अहवालामागे लिहून ठेवा. त्याच रानात लगेच पुन्हा हळद घेऊ नका. तिथं पुढं हळद लावाल तेव्हा दुकानात जाण्याआधी तो कागद काढून बघा.