वणव्याच्या हंगामाआधी समन्वय कक्षात काय तयार हवं

वन विभागाच्या कागदावर वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. कोकणातल्या सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं गवत मात्र दिवाळीनंतर वाळायला लागतं आणि जानेवारीत पेट घेण्याइतकं कोरडं होतं. म्हणून वणव्याचे फोन घेऊन पथकं पाठवणाऱ्या समन्वय कक्षाची ही सगळी तयारी डिसेंबरअखेर हातावेगळी करा. गवताचा वणवा तीन-चार तासांत सडा पार करून बागेला भिडतो. तेवढ्या वेळात फोन नंबर आणि पंप शोधत बसलं, तर माणसं पोचेपर्यंत कलमं होरपळलेली असतात.

सुरुवात गाववहीपासून. प्रत्येक महसुली गावाला एक पान द्या आणि त्यावर वाड्या, सड्यांची स्थानिक नावं, गट क्रमांक, वनरक्षक, पोलीस पाटील, सरपंच हे सगळं लिहा. शिवाय प्रत्येक वाडीतली अशी दोन माणसं नोंदवा, जी भर दुपारी गावातच असतात. ही शेवटची नोंद सर्वांत मोलाची, कारण जुन्या याद्यांतले कितीतरी नंबर आता मुंबईत वाजतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक नंबर लावून बघा. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे, त्यामुळे वन विभागाच्या नियतक्षेत्रांचा नकाशा पुरत नाही. गावाची पूर्ण हद्द वहीत यायला हवी. ‘सड्यावर लागलाय’ एवढ्यावर कुणाला पाठवता येत नाही, कारण सडा गावोगाव आहे. देऊळ, पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर, ट्रान्सफॉर्मर, चिरेखाण अशा खुणांचे अक्षांश-रेखांश आधीच घेऊन ठेवा, म्हणजे फोनवर ‘टाकीच्या वर की खाली?’ असं विचारता येतं.

अक्षांश-रेखांश सगळीकडे दशांशातच लिहा, चार स्थळांपर्यंत. एकाने 17.30 लिहिलं आणि दुसऱ्याने ते 17 अंश 30 मिनिटं असं वाचलं, तर फरक 22 किलोमीटरचा पडतो आणि गाडी दुसऱ्याच तालुक्यात जाते. ही चूक वरचेवर होते आणि गाडी पोचेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

उपग्रहाच्या सूचनांसाठी भारतीय वन सर्वेक्षणाच्या वन अग्नी पोर्टलवर कक्षातल्या किमान तिघांची नोंदणी करा. एकाच्याच फोनवर संदेश येत असेल तर त्याच्या रजेच्या दिवशी कक्ष आंधळा होतो. सोबत नासाचं फर्म्स हे नकाशावर आगीचे ठिपके दाखवणारं संकेतस्थळ उघडं ठेवा. तिथली वेळ जागतिक वेळेत असू शकते. तसं असेल तर साडेपाच तास मिळवा. व्हीआयआयआरएस हा उपग्रहावरचा संवेदक आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. तीनला लागून सातला विझलेला वणवा त्याला दिसतच नाही, त्यामुळे नकाशावर ठिपका नाही म्हणून गावकऱ्याचा फोन खोटा ठरवू नका. त्याचा एक चौकोन 375 मीटरचा, म्हणजे सुमारे 14 हेक्टरचा. ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर पडतो, आग मात्र त्यात कुठेही, अगदी डोंगराच्या पलीकडच्या उतारावरही असू शकते. मोडिस या दुसऱ्या संवेदकाचा चौकोन तर एक किलोमीटरचा. ठिपका आला की आधी वाडीतल्या माणसाला फोन, मग पथक. वीटभट्ट्या आणि भाजावळीही (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणं) ठिपके उमटवतात. भट्ट्यांची जागा नकाशावर आधीच टिपा आणि भाजावळ कोण कोणत्या दिवशी करणार हे पोलीस पाटलांकडून आदल्या संध्याकाळी घ्या. त्याच फोनवर सांगून टाका, की भाजावळ सकाळी लवकर उरकायची, सोबत पाणी आणि दोन माणसं ठेवायची आणि राख विझल्याशिवाय जागा सोडायची नाही.

वाऱ्याचा तक्ता भिंतीवर लावा आणि रोज भरा. किनारपट्टीवर पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, साधारण 11 ते 12 च्या दरम्यान खारे वारे सुरू होतात आणि दुपारी दोन ते चार त्यांचा जोर असतो. सकाळी आग पश्चिमेकडे रेंगाळत असते, तेव्हा तिची पूर्वेची कड थंड वाटते. वारा फिरला की तीच कड आगीचं तोंड होते आणि उतार चढत पूर्वेला धावते. त्यामुळे साडेदहाला प्रत्येक पथकाला फोन करायचा, कोण कोणत्या बाजूला उभं आहे ते विचारायचं आणि पूर्वेच्या चढावरची माणसं जळून काळ्या झालेल्या जागेत किंवा मोकळ्या कातळावर उतरवायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस पूर्वेचा कोरडा वारा रेटून धरतो, खारा वारा उशिरा येतो आणि पारा चढतो. किनाऱ्यावर कमाल तापमान 37 अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं, की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. अशा इशाऱ्याच्या दिवशी नेहमीचा अंदाज चालत नाही: आग दुपारपर्यंत खालच्या वाड्यांकडे आणि बागांकडे येते. त्या दिवशी पथकं वर न ठेवता वाड्यांच्या पूर्वेला तयार ठेवा आणि भाजावळीला सरळ ‘आज नको’ म्हणा.

साधनांसाठी फळ्यावर तीन रकाने पुरे: तयार, कामावर, बंद. प्रत्येक पथक, ब्लोअर (हवेच्या झोताने आग मारणारं यंत्र), टँकर यांच्या नावाची चिठ्ठी कुठल्यातरी एकाच रकान्यात असली पाहिजे. काम संपवून परतलेलं पथक लगेच ‘तयार’मध्ये टाकू नका, पाणी, जेवण, इंधन आणि विश्रांती झाल्यावरच चिठ्ठी हलवा. ब्लोअर डिसेंबरात प्रत्येकी दहा मिनिटं चालवून बघा. वर्षभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटर चोंदवतं, म्हणून जुनं ओतून टाका, एअर फिल्टर साफ करा आणि प्लग बदला. टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचं प्रमाण यंत्रावर दिलेलं तेच ठेवा. 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली. मिश्रण केलेला कॅन वेगळ्या रंगाचा आणि वर ठळक लिहिलेला असावा, कारण घाईत कोरं पेट्रोल गेलं की इंजिन जाम होतं. प्रत्येक ब्लोअरमागे झोडपणारे किमान दोघे, त्यांच्याकडे ओले टहाळे किंवा भिजवलेले गोणपाट. शिवाय कोयते, फावडी, दाताळी.

कोकणात हाताशी असलेलं आणि यादीत हटकून राहून जाणारं साधन म्हणजे बागायतदारांचे एचटीपी फवारणी पंप. 200 लिटरचा ड्रम, लांब पाइप, पिकअपच्या हौद्यावर बसणारं इंजिन: गाडीरस्त्याला लागून असलेल्या बागेची कड भिजवायला याहून सोयीचं काही नाही. कुणाकडे पंप आहे, पाइप किती मीटर आहे, गाडी चालवणारा कोण, हे विचारून नोंदवा. ड्रम आणि पाइप पाण्याने दोनदा धुतल्याशिवाय वापरू देऊ नका. कीटकनाशकाचा तुषार धुरासोबत माणसांच्या छातीत जातो. पऱ्ये, म्हणजे छोटे ओढे, मार्चपर्यंत आटतात आणि वनराई बंधाऱ्यांतलं पाणीही तळ गाठतं, म्हणून पाण्याच्या ठिकाणांची यादी फेब्रुवारी आणि एप्रिल अशी दोनदा तपासा. शेततळं असेल तर टँकर त्याच्यापर्यंत पोचतो का, की पुढे पाखाडीच (दगडी पायवाट) आहे, हे प्रत्यक्ष बघून लिहा.

महावितरणच्या प्रत्येक उपकेंद्राचा नंबर आणि फीडरची, म्हणजे तिथून निघणाऱ्या वीजवाहिन्यांची नावं वहीत हवीत. ताराखाली आग असेल तर ‘लाइन बंद केली’ एवढं उत्तर घेऊ नका. फीडरचं नाव, बंद केल्याची वेळ आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून घ्या. तोवर तिथे पाणी मारायचं नाही आणि दाट धुरात ताराखाली उभंही राहायचं नाही.

माणसांच्या बाबतीत सवलत नको. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, डोक्याला ओला पंचा. पॉलिस्टरची बनियन वितळून कातडीला चिकटते. माणशी तासाला एक लिटर पाणी धरा. पथक वर चढताना डोकी मोजा, उतरताना परत मोजा आणि एक जण फक्त आगीवर नजर ठेवायला उंचावर उभा करा. कातळावर फुरशी असतात. सर्पदंशाची लस आज कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे, हे दर सोमवारी विचारा. रेंज जाते त्या जागा नकाशावर लाल करा आणि तिथल्या पथकाने कोणत्या वेळी कुठे येऊन फोन करायचा ते निघण्याआधीच ठरवा.

फोन घेणाऱ्यासमोर छापील कागद असावा: कुठे, कोणती खूण, केव्हापासून, धूर कुठल्या दिशेला झुकतोय, खाली काय आहे, कोण पोचलंय, तुमचा नंबर. वन विभागाच्या 1926, आपत्कालीन 112 किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाच्या 1077 वर आलेला फोन कक्षाकडे कोण वळवणार हे त्या त्या ठिकाणी बोलून ठेवा. एका वणव्याला एकच क्रमांक द्या. व्हॉट्सॲपवर तीच आग चार नावांनी येते आणि चार पथकं एकाच सड्यावर जमतात, दुसरा सडा मोकळा राहतो.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणून क्रमांक बंद करू नका. गवत विझतं, पण काजूचे जुने खुंट, गडग्यालगतचा (दगडी कुंपणालगतचा) पालापाचोळा आणि शेणाच्या गोवऱ्या आत धुमसत राहतात आणि दुसऱ्या दिवशी खारा वारा सुटला की पुन्हा पेटतात. कडेपासून दहा मीटर आतपर्यंत हाताच्या पालथ्या बाजूने ऊब तपासायला लावा आणि दुसऱ्या दिवशी चारपर्यंत एक माणूस तिथे ठेवा. त्यानंतरच नोंद बंद. नोंदवहीत पहिला फोन, पथक निघालं, पोचलं, विझलं अशा चारही वेळा, जळालेले गट क्रमांक आणि कलमांची ढोबळ संख्या असू द्या, कारण तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात तेव्हा बागायतदाराकडे दाखवायला बहुधा हाच एक कागद असतो. त्याची प्रत त्याला त्याच आठवड्यात द्या.